आठ मोठे, अष्टमांश लहान

प्रश्न एका ओळीचा होता : ‘५/६ आणि ७/८ यांपैकी मोठा अपूर्णांक कोणता?’ मी उत्तर लिहिलं होतं, ‘दोन्ही समान’. कारण विचारलेलं नव्हतं, तरी तेही लिहिलं होतं : ‘कारण दोन्हींत एकच भाग कमी आहे.’ वही परत आली तेव्हा उत्तरावर लाल फुली होती आणि कारणाच्या ओळीवर काहीच नव्हतं. ना फुली, ना बरोबरची खूण. ती ओळ कुणी वाचलीच नसावी असं मला वाटलं, आणि उत्तर चुकल्यापेक्षा ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन्ही अपूर्णांक शेजारी शेजारी आले आणि त्यांच्यावरून खडूच्या दोन तिरक्या रेघा गेल्या. पाच आठे चाळीस, सात सक बेचाळीस. बेचाळीस मोठे, म्हणून ७/८ मोठा. झालं. त्या दिवसानंतर लहानमोठेपणाचं एकही गणित माझं चुकलं नाही. कुठलेही दोन अपूर्णांक द्या, तिरके गुणाकार करायचे, मध्ये चिन्ह घालायचं आणि पुढच्या गणिताकडे वळायचं. पण दोन्हींत एकच भाग कमी असताना त्यातला एक मोठा का, हे मला उमगलेलं नव्हतं. उत्तरं बरोबर येत राहिल्यामुळे ते उमगलेलं नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. बरीच वर्षं.

ते पुन्हा वर आलं भाचीमुळे. ती वही घेऊन शेजारी येऊन बसली. तिने १/८ हा १/४ पेक्षा मोठा लिहिला होता आणि तो चूक निघाला होता.

‘‘आत्या, आठ चारापेक्षा मोठे ना?’’

‘‘हो.’’

‘‘मग एक छेद आठ लहान कसा?’’

तिच्या आवाजात तक्रार होती, आणि ती रास्त होती. बोटांवर मोजायला लागल्यापासून संख्यांनी तिच्याशी एकच करार पाळला होता : मोठा आकडा म्हणजे जास्त. पाचापेक्षा नऊ जास्त, नव्वदापेक्षा नऊशे जास्त. आता कुणीतरी दोन आकडे एकावर एक ठेवले, मध्ये रेघ मारली, आणि रेघेखालचे आकडे अचानक उलटे वागू लागले. वरचा वाढला की एकूण वाढतं, खालचा वाढला की एकूण घटतं. हे इतकं विचित्र आहे, तरी मोठ्यांना त्याचं नवल वाटेनासं होतं, यामागे निव्वळ सवय असते.

मूल अपूर्णांकाकडे पाहतं तेव्हा त्याला दोन संख्या दिसतात. तिथे एकच संख्या आहे, हे शिकावं लागतं, आणि ते शिकणं फार अवघड आहे. अमेरिकेत १९७८ साली झालेल्या राष्ट्रीय पातळीवरच्या चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना एक प्रश्न विचारला होता : १२/१३ आणि ७/८ यांच्या बेरजेचा अंदाज सांगा. पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक एकाच्या अगदी जवळ आहेत, तेव्हा बेरीज दोनाच्या आसपास येणार. ते उत्तर देणारी मुलं २४ टक्के होती. निम्म्याहून अधिक मुलांनी १९ किंवा २१ निवडलं, म्हणजे अंशांची बेरीज किंवा छेदांची बेरीज. यातल्या बहुतेकांना समच्छेद करायची रीत शिकवलेली असणारच. पण आपण मिळवतोय त्या दोन वस्तू किती मोठ्या आहेत, हे त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हतं. मलाही माझ्या त्या वयात दिसलं नसतं, असं आता वाटतं.

भाचीला मी कागदाची पट्टी दिली. दुमडली, अर्धी झाली. पुन्हा दुमडली, चार भाग. पुन्हा, आठ. प्रत्येक घडीबरोबर भागांची संख्या दुप्पट होत होती आणि तिच्या बोटांमधला तुकडा निम्मा होत होता. ती एका हाताने घड्या मोजत होती, दुसऱ्या हाताने तुकड्याची लांबी चाचपत होती. ‘‘म्हणजे आठ हे तुकडे किती झाले ते आहे. एक तुकडा केवढा ते नाही,’’ ती म्हणाली. मराठीत आपण त्या खालच्या आकड्याला छेद म्हणतो, कापणं या अर्थाने. लॅटिनमध्ये त्याचं नाव पडलं ‘नाव देणारा’ आणि वरच्याचं ‘मोजणारा’. मला हे दोन्ही शब्द एकत्र हवे असतात. छेद कापतो आणि कापलेल्या तुकड्याला नाव देतो, अष्टमांश. अंश सांगतो की असे किती घेतले. मग आठ मोठे आणि अष्टमांश लहान, यात भांडण उरत नाही.

पुढे तृतीयांश करायचे होते. पट्टीचे तीन सारखे भाग घडीने करणं कठीण जातं, म्हणून तिने मोठी पट्टी घेतली. सावकाश, दोन्हीकडून सरकवत सरकवत तिने तीन भाग जमवले आणि अर्ध्या घडीच्या जुन्या पट्टीशेजारी ठेवले. तृतीयांश अर्ध्यापेक्षा लांब भरला! तिने माझ्याकडे पाहिलं, मग पट्ट्यांकडे, मग एक पट्टी दुसरीवर ठेवली आणि स्वतःच हसली. पट्ट्याच वेगळ्या होत्या. पुस्तकात १/२ आणि १/३ नुसते लिहिलेले असतात तेव्हा ‘एकाच पूर्णाचे’ हे शब्द कुठेच छापलेले नसतात. ते गृहीत असतं. मोठ्या माणसांच्या वादांतही हेच गृहीत किती वेळा निसटतं. कुणी म्हणतं अर्धे लोक असे, कुणी म्हणतं तिसरा हिस्सा तसे, आणि कशाचे अर्धे हे कुणीच विचारत नाही.

इथवर सगळं छान चाललं होतं. मग मी तिला विचारलं, ‘‘आता ७/८ आणि ३/४?’’ ती लगेच म्हणाली, ‘‘तीन छेद चार मोठा. आठवाले लहानच असतात.’’

आधीची चूक दुरुस्त करताना मी तिच्या हाती नवी चूक दिली होती. ‘छेद मोठा तर अपूर्णांक लहान’ हे फक्त अंश सारखे असताना खरं आहे, आणि आम्ही आतापर्यंत एकएक तुकडाच पाहत होतो. तिने त्यावरून अगदी तर्कशुद्ध निष्कर्ष काढला होता. मला वाटतं, शिकवणाऱ्याने सर्वांत जास्त घाबरावं ते इथे. मूल चुकलं म्हणून नव्हे. आपण दिलेला नियम त्याने आपल्यापेक्षा जास्त प्रामाणिकपणे पाळला म्हणून. पट्टी पुन्हा उलगडली. आठांपैकी सात भाग रंगवले. चारांपैकी तीन म्हणजे आठांपैकी सहा, हे तिला घड्यांवरूनच दिसलं. लहान तुकडे, पण जास्त घेतले. तुकडा केवढा आणि तुकडे किती, दोन्हीकडे एकाच वेळी पाहावं लागतं. अपूर्णांकांची सगळी अडचण या ‘एकाच वेळी’मध्ये आहे.

रंगवलेल्या पट्ट्या समोर होत्या, आणि तेव्हा माझी नजर न रंगवलेल्या भागाकडे गेली. ७/८ मध्ये एक अष्टमांश कोरा. ३/४ मध्ये एक चतुर्थांश कोरा. एकेकच भाग कमी, पण कोरे भाग सारखे नाहीत. माझी जुनी ओळ मला आठवली, ‘दोन्हींत एकच भाग कमी आहे’. ती ओळ खरी होती. फक्त अर्ध्यावर थांबली होती. ५/६ मध्ये एक षष्ठांश कमी आहे, ७/८ मध्ये एक अष्टमांश. षष्ठांश मोठा, म्हणजे ५/६ ची उणीव मोठी, म्हणजे ७/८ एकाच्या जास्त जवळ. चाळीस नको, बेचाळीस नको. माझ्या त्या ओळीपुढे कुणी एवढंच लिहिलं असतं, ‘कमी असलेला भाग केवढा?’, तर मी तिथेच पोचले असते.

उणिवेवरून मोजायची ही रीत मराठी माणसाच्या जिभेवर आधीपासूनच आहे, हे मला त्यानंतर काही दिवसांनी जाणवलं. आपण ३/४ ला पाऊण म्हणतो. पाऊण म्हणजे पादोन, पाद ऊन, पाव कमी. तीन तुकडे घेतले असं हा शब्द सांगतच नाही. एकाला पाव कमी आहे असं सांगतो. पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी. उलट सव्वा म्हणजे सपाद, पावासकट. साडे हा सार्ध, अर्ध्यासकट. आणि दीड, अडीच तर फारच देखणे. अडीच हा अर्धतृतीय या शब्दावरून आला : तिसरा अर्धा. दोन पूर्ण झाले, तिसऱ्याच्या वाटेवर अर्ध्यात आहोत. दीड म्हणजे त्याच चालीने दुसरा अर्धा. जुन्या पाढ्यांमध्ये पावकी, निमकी, पाऊणकी, सवाईकी, दिडकी, अडीचकी होती, साडेतीनची औटकीसुद्धा होती. ज्या मुलांनी ते म्हटले त्यांच्यासाठी पाऊण ही तीन आणि चार या आकड्यांची जोडी नव्हती. ती एक संख्या होती, जागेवर बसलेली, एकाच्या अलीकडे पावभर. ते पाढे परत आणा असं मी म्हणत नाही. पण ‘तीन छेद चार’ म्हणणाऱ्या मुलाला ‘पाऊण’ हा शब्दही त्याच दिवशी द्यावा, एवढं मनापासून वाटतं. एक शब्द वाचून दाखवतो, दुसरा ठिकाण सांगतो.

आणखी एक शब्द आहे, कसर. ‘थोडी कसर राहिली’, ‘कसर भरून काढली’. हा अरबीतून आला, आणि अरबीत त्याचा मूळ अर्थ मोडणं. तिथे अपूर्णांकालाही हाच शब्द. संस्कृतात अपूर्णांकासाठी असलेला भिन्न हा शब्दही फुटलेल्या, तुटलेल्या वस्तूचाच. मराठीने मात्र त्या मोडण्यातून उणीव तेवढी उचलली. ५/६ ला एकाशी ताडून पाहणं म्हणजे त्याची कसर किती ते पाहणं. मी भाचीला आता तसंच विचारते : ‘‘याची कसर किती?’’ ९९/१०० आणि १००/१०१ असे भयानक दिसणारे अपूर्णांकसुद्धा या प्रश्नापुढे नांगी टाकतात. शंभरावा हिस्सा कमी, की एकशेएकावा हिस्सा कमी?

एकाशी ताडता येत नाही तेव्हा अर्ध्याशी ताडावं. ३/७ आणि ५/९ मध्ये विचार करायलाच नको. सातांचं अर्ध साडेतीन, नवांचं साडेचार, म्हणजे एक अर्ध्याच्या अलीकडे आणि एक पलीकडे. पण ४/९ आणि ५/११ घ्या. दोन्ही अर्ध्याच्या अलीकडे. नवांचं अर्ध साडेचार, आपल्याकडे चार. अकरांचं अर्ध साडेपाच, आपल्याकडे पाच. दोन्ही अर्ध्याला अर्ध्याच तुकड्याने कमी! पुन्हा तोच जुना पेच, आणि पुन्हा तेच उत्तर : अर्धा तुकडा कशाचा? नवमांशाचा अर्धा मोठा, म्हणून ४/९ जास्त मागे आहे. ५/११ मोठा. हे गणित मी पहिल्यांदा असं मनात सोडवलं तेव्हा मला जो आनंद झाला तो तिरक्या गुणाकाराने आयुष्यात कधी दिला नव्हता.

म्हणून तिरका गुणाकार वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. मला त्याच्याबद्दल राग होता, तो त्याचा अर्थ कळल्यावर गेला. चाळीस आणि बेचाळीस हे आकडे हवेतून येत नाहीत. ५/६ चे आठपट बारीक तुकडे केले तर ४०/४८ होतात, ७/८ चे सहापट बारीक केले तर ४२/४८. आता दोघांचे तुकडे एकाच मापाचे, अठ्ठेचाळिसांश. तिरके गुणाकार म्हणजे समच्छेदच. फक्त ४८ हा छेद लिहायचं आपण टाळतो, कारण तो दोन्हीकडे सारखाच. खडूच्या त्या रेघांखाली गिळला गेलेला आकडा हाच होता. चाळीस कशाचे, बेचाळीस कशाचे, हे मी कधी विचारलं नाही, आणि म्हणून ते मला जादूसारखे वाटले. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त हा विधी आहे : एकमेकांच्या छेदांनी अंश आणि छेद दोन्ही गुणा, म्हणजे समच्छेद होतात. दोन्ही गुणा! आणि लगेच पुढे हेही आहे की छेदांना सामाईक अवयवाने आधी भाग देऊन मग गुणलं तर काम हलकं होतं. सहा आणि आठ यांना दोनाने भागा, तीन आणि चार उरतात. त्यांनी उलटसुलट गुणलं की २०/२४ आणि २१/२४. त्याच्याही आधी, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी छेदांच्या लसाविला निरुद्ध असं नाव देऊन हेच सांगितलं होतं. तेव्हा अंश वर आणि छेद खाली लिहीत, मधली रेघ नसे. ती बाराव्या शतकाच्या सुमारास अरबी गणितज्ञांच्या लिखाणात दिसते. माझ्या मनात कधीकधी येतं, ती रेघच नसती तर कदाचित मुलांना वरखाली दोन वेगळी घरं दिसली नसती. पण रेघ नसताना तरी त्यांना काय दिसत होतं, कोण जाणे.

प्राचीन इजिप्तमध्ये हा पेच वेगळ्याच वाटेने सोडवलेला दिसतो. तिथले लेखनिक, दोन तृतीयांशासारखा अपवाद सोडला, तर फक्त एक अंश असलेले अपूर्णांक लिहीत आणि बाकी सगळे त्यांच्या बेरजेने मांडत. इसवी सनापूर्वी १५५० च्या सुमारास आहमोस नावाच्या लेखनिकाने उतरून काढलेल्या पपायरसवर २ अंश असलेल्या अपूर्णांकांचे असे तुकडे पाडून दाखवणारं लांबलचक कोष्टक आहे. ही पद्धत मला आधी उगाच किचकट वाटायची. मग एकदा माझाच जुना प्रश्न त्या भाषेत लिहून पाहिला. ५/६ म्हणजे १/२ आणि १/३. ७/८ म्हणजे १/२, १/४ आणि १/८. दोघांत अर्धा सामाईक, तो बाजूला ठेवा. उरला एकीकडे १/३, दुसरीकडे १/४ आणि १/८. आता १/३ मधून १/४ काढला की १/१२ उरतो. तोही सामाईक चतुर्थांश दोन्हीकडून गेला, आणि शेवटी समोरासमोर उभे राहिले १/१२ आणि १/८. एवढा मोठा प्रश्न सोलत सोलत पुन्हा भाचीच्या पहिल्या प्रश्नावर आला होता! मोठा आठवा की बारावा? तुकड्याचं नाव आणि तुकड्याचं माप.

दशांश अपूर्णांक आल्यावर हा खटाटोप संपला, असं कुणी म्हणेल. सायमन स्टेव्हिनने १५८५ साली त्यांचा पुरस्कार केला तो बऱ्याच अंशी यासाठीच. सगळ्यांचे छेद दहा, शंभर, हजार. तुलना पूर्णांकांसारखी सोपी. ५/६ म्हणजे ०.८३३३… आणि ७/८ म्हणजे ०.८७५. पण मुलं इथेही ०.८३३३ ला मोठं म्हणतात, कारण आकडे जास्त आहेत. जुना करार इतक्या सहज मोडत नाही.

आता एका चुकीबद्दल लिहायचं आहे, जी मला सर्व चुकांमध्ये प्रिय आहे. १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. प्रत्येक वर्गात कुणीतरी हे करतंच, आणि बेरीज म्हणून ते साफ चूक आहे; अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि उत्तर अर्ध्यापेक्षा कमी आलं! भाचीनेही केलं. मी ते खोडण्याआधी तिला विचारलं, ‘‘हा २/५ कुठे बसतो?’’ तिने कसर काढली, अर्ध्याशी ताडलं, तृतीयांशाशी ताडलं, आणि म्हणाली, ‘‘दोघांच्या मधे.’’

नेहमी मधेच बसतो. तीन प्रयत्नांत एकदा जमलं आणि दोन प्रयत्नांत एकदा जमलं, तर एकूण पाच प्रयत्नांत दोनदा जमलं. ते प्रमाण दोघांच्या मधलंच असणार. ही चूक बेरीज म्हणून टाकाऊ, पण दोन अपूर्णांकांच्या मधली जागा शोधायला अचूक. चार्ल्स हारोस या फ्रेंच गणितज्ञाने १८०२ साली आणि जॉन फॅरी या इंग्रज भूगर्भतज्ञाने १८१६ साली, ठरावीक मर्यादेपर्यंतचे छेद घेऊन सगळे अपूर्णांक चढत्या क्रमाने मांडले तर काय दिसतं ते सांगितलं : ओळीतला प्रत्येक अपूर्णांक आपल्या दोन्ही शेजाऱ्यांच्या अशाच ‘चुकीच्या बेरजे’तून मिळतो. शिवाय शेजाऱ्यांचे तिरके गुणाकार केले तर फरक नेमका एक येतो. १/३ आणि २/५ : पाच आणि सहा. २/५ आणि १/२ : चार आणि पाच. ज्या गुणाकारांतून मी कधी कोण मोठा एवढंच वाचलं होतं, त्यांतून किती जवळ हेही वाचता येतं. पुढे १८५८ साली मोरिट्झ स्टर्न या जर्मन गणितज्ञाने आणि १८६१ साली आशिल ब्रोको या फ्रेंच घड्याळजीने, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, याच क्रियेतून सगळ्या धन अपूर्णांकांचं झाड उभं केलं. ब्रोकोला ते दातेरी चाकांसाठी हवं होतं. हव्या त्या गतीच्या जवळात जवळ जाणारं, पण कमी दात्यांचं गुणोत्तर.

याचं सर्वांत सुंदर उदाहरण मला π मध्ये सापडलं. आर्किमिडीजने दाखवलं होतं की π हा २२३/७१ पेक्षा मोठा आणि २२/७ पेक्षा लहान आहे. या दोन सीमांचे तिरके गुणाकार करून पाहा : २२३ गुणिले ७ म्हणजे १५६१, २२ गुणिले ७१ म्हणजे १५६२. फरक एक! म्हणजे अगदी लगतचे शेजारी. आता शाळेतली ती चूक करा. २२३/७१ मध्ये २२/७ ‘मिळवा’, अंशात अंश, छेदात छेद : २४५/७८. पुन्हा : २६७/८५. मग २८९/९२, ३११/९९, ३३३/१०६. प्रत्येक वेळी उत्तर जराजरा वर सरकतं आणि π च्या जवळ येतं, पण अजून π पेक्षा लहानच. सहाव्या वेळी येतो ३५५/११३. तो π च्या पलीकडे जातो, अगदी निसटता. सहा दशांश स्थळांपर्यंत π शी जुळतो. पाचव्या शतकात चिनी गणितज्ञ त्झू छुंगच्र याने हाच अपूर्णांक दिला होता. मी हे एका रात्री कागदावर करत गेले आणि ३५५/११३ हाती लागला तेव्हा मला शेजारच्या खोलीत जाऊन कुणाला तरी उठवावंसं वाटलं.

या मधल्या जागेचा एक सापळा मात्र आहे, आणि तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. दोघं जण लांबून आणि जवळून नेम धरून चेंडू टाकतात. लांबून पहिल्याचं यश १/४, दुसऱ्याचं ३/१०. जवळून पहिल्याचं ७/१०, दुसऱ्याचं ३/४. दोन्ही ठिकाणी दुसरा वरचढ. आता एकूण घ्या. पहिला : १४ पैकी ८. दुसरा : १४ पैकी ६. पहिला वरचढ! आकडेमोड दहादा तपासली तरी तेच. पहिल्याने बहुतेक चेंडू जवळून टाकले, दुसऱ्याने लांबून. प्रत्येकाचं एकूण यश त्याच्या दोन यशांच्या मधेच आहे, पण मधे कुठे, ते छेद ठरवतात; जिकडे छेद मोठा तिकडे ते ओढलं जातं. एडवर्ड सिम्पसन या संख्याशास्त्रज्ञाने १९५१ साली यावर लिहिलं आणि हा विरोधाभास त्याच्या नावाने ओळखला जातो. औषधांच्या, परीक्षांच्या, प्रवेशांच्या टक्केवाऱ्या आपण रोज एकमेकींशी ताडतो. टक्केवारीत तर छेद लिहायचीही गरज नसते, तो शंभर असल्याचं आपण मानून चालतो, आणि खरा छेद, किती जणांपैकी, मागेच राहतो. अपूर्णांकांची तुलना पाचवीत संपते असं ज्यांना वाटतं त्यांनी ही चार प्रमाणं एकदा स्वतः मांडून पाहावीत.

भाचीला अजून हे सांगितलेलं नाही. तिला तूर्तास त्या मधल्या जागेनेच वेड लावलं आहे. परवा तिने विचारलं, ‘‘आत्या, अर्ध्याच्या अगदी लगेच पुढचा अपूर्णांक कोणता?’’ मी उत्तर दिलं नाही. १/२ आणि २/३ लिहून पेन्सिल तिच्या हातात दिली. तिने मधला काढला, ३/५. मग १/२ आणि ३/५ च्या मधला, ४/७. मग ५/९. मग ६/११. इथे ती थांबली, अकरांचं अर्ध पुटपुटली, मागचे सगळे पुन्हा पाहिले.

‘‘हे सगळे अर्ध्याहून अर्धाच तुकडा जास्त आहेत.’’

‘‘कसला अर्धा?’’

‘‘पाचव्याचा. मग सातव्याचा. मग नवव्याचा.’’ तिने ७/१३ लिहिला, ८/१५ लिहिला. पट्ट्या तिने केव्हाच बाजूला सारल्या होत्या. इतके बारीक तुकडे घडीने होत नाहीत. १२/२३ ला पान संपलं. तिने पान उलटलं, वर पुन्हा १/२ लिहिला, आणि त्याच्यापुढे १३/२५.